छकुलीचा दाणा कुणी नेला?

बालवर्गाच्या बाई आल्या त्या तडक वहिनींच्या टेबलाशी, हातात काचेचा रिकामा पेला घेऊन.

वहिनी खासगी तपासनीस होत्या. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, फायली सांभाळत आणि न विचारता तपासात नाक खुपसत. पेल्यात वाकून पाहिलं तर भाऊजींना काहीच दिसलं नाही.

"यात कापसावर घेवड्याचा दाणा होता," बाई म्हणाल्या. "वीस मुलं, वीस पेले. रोज पाणी घालायचं आणि काय होतं ते बघायचं. काल छकुलीचा दाणा गेला, कापसासकट. पाणी आमच्या मावशी घालतात, म्हणून छकुलीच्या वडिलांनी त्यांच्यावर आळ घेतला. मावशी म्हणतात, उद्यापासून मी येत नाही. अहो, वीस वर्षं त्यांच्या जिवावर वर्ग चाललाय."

एका दाण्यासाठी तपास म्हणजे भाऊजींना हसूच येत होतं. पण वहिनींनी चपला घातल्यासुद्धा.

वर्गात मावशी पेले पुसत होत्या. रडून डोळे सुजले होते.

"सगळ्यात आधी छकुलीचाच नंबर लागला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बघ बाळा, तुझ्या दाण्याला मोड आला. तर पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, लाजली. पाणी घेऊन परत येते तो पेला रिकामा."

हस्तकलेचे सर मुलांकडून कागदावर दाणे चिकटवून मासा करून घेत होते. "माझ्याकडे बरणीभर दाणे आहेत, मी कशाला चोरू? उलट काल माझीच डिंकाची बाटली कुणीतरी उघडी टाकली. आता कुणाला काही सांधून देणार नाही. परवा या छकुलीचा खडू मोडला, केवढी रडली. डिंकानं जोडून दिला तेव्हा गप्प बसली."

छकुलीच्या शेजारी बसणारी दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "माझा दाणा नुसताच बसलाय."

भाऊजींनी कान टवकारले. हेवा! वहिनींनी मात्र विचारलं, "काल छकुली कुठं खेळत होती?"

"बाहुल्यांपाशी. मला येऊच दिलं नाही. म्हणाली, इथे दवाखाना आहे."

छकुली भिंतीशी बसली होती. वहिनी तिच्याजवळ फरशीवर टेकल्या. ती एवढंच म्हणाली, "मी नाही मोडला."

"पेला तर धड आहे," भाऊजी कुजबुजले. "मग मोडलं काय?"

"तेच तर," म्हणत वहिनी उठल्या आणि त्यांनी सगळ्यांना बाहुल्यांच्या कोपऱ्यात बोलावलं. लहानशा पलंगावरचं पांघरूण त्यांनी अलगद उचललं. आत कापसात गुंडाळलेला दाणा होता. फाटलेल्या सालीतून पांढरं टोक डोकावत होतं, आणि त्यावर डिंक वाळला होता.

"चोरी झालीच नाही," त्या म्हणाल्या. "मोड आला म्हटल्यावर आपल्याला आनंद होतो. चार वर्षांच्या पोरीला फक्त मोडणं ठाऊक. परवाच खडू मोडलेला. दाण्याकडे बघावं तर साल खरंच फाटलेली. तिला वाटलं, आपल्याच हातून मोडला. मोडलेलं डिंकानं जुळतं हे तिनं सरांकडे पाहिलं होतं, म्हणून बाटली उघडी. चोराला ओला कापूस कशाला लागेल? तो लागला पट्टीला. आणि दवाखाना कुठे आहे ते शेजारणीनंच सांगितलं."

भाऊजींना आपल्या हसण्याची लाज वाटली.

मावशी मटकन खाली बसल्या. "माझंच चुकलं गं. मोड म्हणजे आतलं रोप बाहेर येतंय."

"त्याला दुखत नाही?"

"नाही, बाळा."

छकुलीनं जरा विचार केला. "बाबा म्हणाले, तू जाणार. उद्या येशील ना?"

मावशींनी पदरानं नाक पुसलं. "येते की. आधी मला उठव, गुडघा धरलाय."

छकुलीनं दोन्ही हातांनी त्यांना ओढलं. तिला जमेना, तेव्हा अख्खा वर्ग ओढायला धावला.