तेल गेलं कुठे?

शालिकराम ठोसरला बाहेर काढायला गावकऱ्यांनी पहारी लावल्या, तेव्हा त्याच्या छातीचा पार चेंदामेंदा झाला होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा रिकामा लोखंडी डाला, म्हणजे माल भरायचा हौदा, जॅकवर उचललेला होता. शालिकराम खाली वाकून, चेसिसच्या सांगाड्यावर पोटावर आडवा पडून ग्रीस भरत होता. तोच डाला त्याच्या पाठीवर बसला. तोंडातून आलेलं रक्त शेडच्या सिमेंटवर वाळलं होतं. बाहेर लोंबणाऱ्या दोन्ही पायांचे गुडघे फुटले होते.

जॅकचा तेलाचा पाइप चिरलेला दिसला आणि सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. पाइप फुटला, डाला कोसळला. पोलीस यायच्या आत लोकांनी ड्रायव्हर गोपालला इतकं तुडवलं की त्याचा जबडा निखळला. नंतर पोलिसांनी त्याला निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात आत टाकलं.

त्याची बायको पौर्णिमा अमरावतीला वर्षाली मोहोडच्या कचेरीत आली, तेव्हा तिच्या स्वतःच्याही गालावर वळ होते.

"पाइप नवा होता, मॅडम. माह्या डोळ्यासमोर बसवला त्यानं. अन् लोकं म्हणून राहिले, गोपालनं मालक मारला!"

वर्षालीने तिला पाणी दिलं. वर्षाली पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायची. आता खाजगी तपास करायची. तिचा सोबती संघपाल निवृत्त हवालदार होता. त्याने मनाशी निकाल लावून टाकला. नवा पाइपही फुटतो. पोराचं नशीब फुटकं, दुसरं काय!

*

नांदगाव पेठेच्या पुढे, शेताच्या बांधाला ते शेड होतं. फौजदार संघपालच्या ओळखीचा, म्हणून आत जायला मिळालं.

वर्षाली चिरलेल्या पाइपापाशी उकिडवी बसली. त्याच्या अगदी जवळ चुन्याने रंगवलेली भिंत होती. पांढरीशुभ्र. खाली सिमेंटवर रक्ताचा मोठा काळपट डाग होता आणि त्याच्या कडेवर तेलाचं लहानसं थारोळं. तिने चिंधीने तेल टिपलं. खालचा रक्ताचा डाग जसाच्या तसा, सिमेंटात मुरलेला.

मग तिने जॅकला तेल पुरवणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या टाकीतली मोजपट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं.

"तेल तर भरलेलं आहे की," संघपाल म्हणाला. "म्हणजे त्यात गडबड नाही."

"हो ना," वर्षाली म्हणाली. "शवविच्छेदनात गुडघ्यांचं काय?"

"दोन्ही सांध्यांचा चुरा. मागून मार लागलाय. तडफडताना आपटले असतील."

"आपटले असते तर मार पुढून लागला असता, भाऊ. डाला तर गुडघ्यांना शिवलाही नाही."

*

कोठडीत गोपालला धड बोलता येत नव्हतं.

"मी डाला उचलला, इंजिन बंद केलं. मालक म्हणे, ग्रीस कमी पडते, पेठेतून आन. मी गेलो."

"इंजिन बंद असताना डाला वर राहतो?"

"राह्यते ना. ट्रॅक्टरवरची दांडी ओढली तरच उतरते. उतराले इंजिन लागत नाई, डाल्याचं वजनच तेलाले मागं टाकीत ढकलते. चढवाले मात्र इंजिन पायजे."

मृताचा पुतण्या ललित घटनेच्या सकाळी विहिरीवरच्या मोटारीपाशी होता. काकाच्या जमिनीचा तोच वारस. संघपालचा संशय लगेच त्याच्यावर गेला.

"आवाज आला होता," ललित मान खाली घालून म्हणाला. "'उचल! उचल रे!' मले वाटलं, पोती उचलून राहिले."

"एकदाच ओरडले?"

"नाई. लय वेळ. मंग आवाज बारीक होत गेला." त्याने तोंड पुसलं. "मी गेलो असतो त..."

शालिकरामचा मेहुणा, बायकोचा भाऊ चंद्रभान अकोल्याहून त्याच सकाळी आला होता. अंगाने धिप्पाड, बोलायला मोकळा.

"मी फाटकातच होतो, ताई. फट्ट करून पाइप फुटला अन् धाडकन डाला खाली! तोंडातून हाकसुद्धा निघाली नाई बिचाऱ्याच्या. मी धावलो, हात धरून ओढून राहिलो. वरून पिचकारीवानी तेल उडून राहिलं होतं."

"तुमच्या अंगावर?"

"अंगावरच. पुरा न्हाऊन निघालो. तो सदरा पोलिसाले देला तसाच."

विधवा मैनाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"हात कसा मोडला, मावशी?"

"पाय घसरला."

"गळ्यावरचे व्रण?"

मैनाबाईने पदर ओढून घेतला.

परतताना वर्षालीने पोलीस ठाण्यात चंद्रभानचा सदरा पाहायला मागितला. दोन्ही बाह्या रक्ताने कडक झाल्या होत्या. तिने तो उजेडात धरला, नाकाशी नेला आणि परत दिला. मग औषधाच्या दुकानातून इंजेक्शनच्या दोन सिरिंजा आणि एक बारीक नळी घेतली.

"कोणाला टोचायचंय?" संघपालने विचारलं.

"खुन्याला."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर सगळे जमले. फौजदार दोन शिपायांसह आला होता. पौर्णिमा खांबाला धरून उभी होती.

वर्षालीने दोन्ही सिरिंजांमध्ये पाणी भरून त्या नळीने जोडल्या. एकीचा दट्ट्या दाबला. दुसरीचा वर आला.

"सातवी-आठवीतला प्रयोग आहे. पाणी काय, तेल काय, दाबून लहान होत नाही. इकडून सरकलं की तिकडे जागा मागतं. जॅक तसाच चालतो. आता हा वर आलेला दट्ट्या खाली यायचा, तर त्याच्याखालचं पाणी कुठेतरी गेलंच पाहिजे. एक तर परत पहिल्या सिरिंजमध्ये, नाही तर नळी फोडून बाहेर."

तिने नळी सुईने टोचली आणि दट्ट्या दाबला. पाण्याची बारीक चिळकांडी थेट फौजदाराच्या टोपीवर बसली.

"डाला वर असताना जॅकमध्ये बादलीभर तेल असतं. पाइप फुटून तो पडला असता, तर ते तेल अशाच जोराने भिंतीवर उडालं असतं. भिंत कोरी आहे. जमिनीवर वाटीभर तेल आहे. मग बाकीचं गेलं कुठे? टाकीत. टाकी भरलेली आहे."

संघपालच्या डोक्यात आता उजेड पडला. "म्हणजे दांडी ओढली!"

"ओढली. पाइप नंतर कापला, त्यात उरलेलं तेवढं तेल गळालं. तेही रक्त वाळल्यावर. आधी तेल असतं, तर त्या जागी सिमेंटने रक्त शोषलंच नसतं."

वर्षालीने सिरिंजा खाली ठेवल्या.

"बारीक पाइपातून तेल सावकाश परत जातं. डाला कोसळला नाही, हळूहळू उतरला. म्हणून शालिकरामना ओरडायला वेळ मिळाला. ते 'वाचवा' म्हणाले नाहीत, 'उचल' म्हणाले. दांडीपाशी माणूस दिसल्याशिवाय कोणी असं म्हणत नाही. आणि निसटता येऊ नये म्हणून त्या माणसाने आधी मागून पाना घालून गुडघे फोडले होते."

"ललितनं!" चंद्रभान म्हणाला.

"ललितने ऐकलेली लांबलेली ओरड टाकीतल्या तेलाशी जुळते, भाऊ. तुमची फट्ट आणि धाडकन कशाशीच जुळत नाही. तेलात न्हालात म्हणता. सदऱ्यावर रक्त आहे, तेलाचा एक ठिपका नाही. सदरा धुतला म्हणाल, तर थंड पाण्याने आधी रक्त निघालं असतं. तेल साध्या पाण्याने जात नाही. न फुटलेला पाइप तुम्ही फुटताना पाहिलात. कारण तो फुटला असं सगळ्यांना वाटायला हवं होतं."

चंद्रभानने आड्याला खोचलेला विळा उपसला आणि तो वर्षालीवर धावला. संघपाल मध्ये पडला. विळ्याचं पातं त्याच्या दंडात शिरलं, गरम रक्त कोपरापर्यंत आलं. तरी त्याने डोकं खाली घालून चंद्रभानच्या नाकावर धडक मारली. हाड मोडल्याचा आवाज झाला. शिपायांनी त्याला जमिनीवर दाबलं.

"मारलं!" तोंडातलं रक्त थुंकत चंद्रभान ओरडला. "माह्या बहिणीचा हात त्यानं उंबऱ्यावर ठेवून मोडला! गुरावानी मारे तिले! त्याले हळूच मारा लागत होतं. मी दांडी धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो!"

"आन् माह्या नवऱ्याचं काय?" पौर्णिमा किंचाळली. "त्यानं काय केलं होतं तुमचं?"

चंद्रभानने बहिणीकडे पाहिलं.

"मैना, तुह्यासाठीच केलं मी."

मैनाबाई भिंतीला धरून उठली. पौर्णिमाजवळ जाऊन तिने आपला धड हात तिच्या खांद्यावर ठेवला. मग भावाकडे वळली.

"दिवाळीले मी तुह्या दारी आलती, चंद्रभान. हेच व्रण दाखवले तुले. लोकं काय म्हणतील म्हणून तूच मले परत गाडीत बसवलं." तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी नुसतं दार उघडलं असतं, तरी पुरलं असतं."