सत्त्याण्णवावं पॅकेज

खेकडा जागच्या जागी उभा होता. त्याची बॅटरी भरलेली होती, आठही चाकं ठीक होती, पोटातली पाण्याची टाकी काठोकाठ होती. पाठीवरचा हिरवा दिवासुद्धा लागलेला होता. मोडलेलं काहीच नव्हतं. तरीही तो सकाळपासून तसूभर हलला नव्हता.

वैजयंती तांडेल त्याच्याकडे बघत होती. अकरा वर्षांच्या वैजूला हे कोडं सुटत नव्हतं.

ही गोष्ट सन २०५८ च्या एप्रिलमधली, कोकणातल्या वेळणे गावच्या किनाऱ्यावरची. तिथे समुद्री कासवांच्या अंड्यांचं संगोपन केंद्र होतं आणि वैजू सुट्टीत तिथे मदत करायची. कुंपण घातलेल्या वाळूत एकेचाळीस घरटी होती आणि प्रत्येक घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. कासवाची मादी अंडी वाळूत पुरून निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस त्यांना ऊब देते ती वाळूच. पण अलीकडचे उन्हाळे फार कडक झाले होते. वाळू चौतीस अंशांच्या पुढे जाऊन तशीच राहिली, तर आतली पिल्लं जगत नाहीत. म्हणून खेकडा हा यंत्रमानव आणला होता. वाळूत पुरलेल्या तापमापकांकडून तो आकडे घ्यायचा आणि बत्तीसच्या वर गेलेल्या घरट्यावर मोजून पाणी शिंपडायचा.

वैजूने हातातला तापमापक सतराव्या घरट्याजवळ वाळूत खोल खुपसला. ३३.१. आणि अजून सकाळचे दहाच वाजले होते.

तिने बादली उचलली.

"थांब! बादलीनं नको!" कुंपणाबाहेरून आवाज आला.

डॉक्टर इस्माईल परकार काठी टेकत फाटकातून आत आले. चाळीस वर्षं त्यांनी उपग्रहांच्या संगणकांवर काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले आणि केंद्राचा संगणक त्यांनीच बसवून दिला. गावातली सगळी मुलं त्यांना परकारआजोबा म्हणायची.

"आजोबा, वाळू तापलीय. खेकडा हलत नाही."

"ते दिसतंय मला. पण अंड्याच्या कवचातून हवा आत-बाहेर होत असते. बादलीभर पाणी ओतलंस तर वाळूतली हवा निघून जाईल आणि पिल्लं गुदमरतील. दर्शनाला फोन केलास?"

दर्शना हर्डीकर केंद्राची प्रमुख होती. एका नव्या घरट्याची खबर आली म्हणून ती पहाटेच खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर गेली होती. वैजूने तिला फोन लावला नव्हता. लावावा असं तिला वाटतही नव्हतं.

"का गं?"

वैजू पायाने वाळू उकरत राहिली. मग म्हणाली, "काल संध्याकाळी संगणकानं विचारलं, एकशे त्रेचाळीस पॅकेजेस जुनी झालीत, अपग्रेड करायची का. मी 'हो' म्हटलं. बरीच अक्षरं सरकत गेली आणि मग थांबली. मला वाटलं, झालं. मी झाकण बंद करून घरी गेले."

"थांबण्याआधी शेवटी काय आलं होतं?"

"वाचलं नाही."

परकारआजोबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं. "आधी दर्शनाला सांग. जसं मला सांगितलंस, तसंच."

वैजूने फोन लावला. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग दर्शना म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. झारी घे. एका घरट्याला दोन मग पाणी, एक थेंबही जास्त नको. मी येईपर्यंत तीन वाजतील. तोवर खेकडा सुरू होतोय का बघा."

एकेचाळीस घरट्यांना झारीने पाणी घालायला दोघांना सव्वा तास लागला. वैजूचे खांदे भरून आले. पुन्हा मोजलं तेव्हा सतरावं घरटं ३३.० वर होतं आणि ऊन तर अजून चढतच होतं. हाताने पाणी घालून वेळ मारून नेता येत होती, इतकंच.

मग ते केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत गेले.

"बंद करून परत चालू करू या?" वैजूने विचारलं. घरी टीव्ही अडला की तिचे बाबा तेच करायचे.

"आत्ता नको. काम अर्धवट राहिलंय. अशा वेळी बंद केलेला संगणक पुन्हा उठेलच, असं सांगता येत नाही. आधी बघायचं. हात नंतर लावायचा."

त्यांनी टर्मिनल उघडलं (संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी). हा संगणक युनिक्सच्या घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होता. या घराण्याचा एक स्वभाव आहे. एकच अगडबंब प्रोग्रॅम सगळी कामं करत नाही. पुष्कळ छोटे प्रोग्रॅम असतात, प्रत्येक जण आपलं एक काम करतो आणि दुसऱ्याची मदत घेतो.

"पॅकेज म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"प्रोग्रॅम?"

"प्रोग्रॅम आणि त्याच्याबरोबर लागणारं सामान, एका खोक्यात भरलेलं. खोक्यावर चिठ्ठी असते. मी अमुक, माझी आवृत्ती अमुक, आणि मला चालायला तमुक खोकं लागतं. ही शेवटची ओळ महत्त्वाची. तिला अवलंबन म्हणतात." आजोबांनी खिडकीतून दिसणाऱ्या होड्यांकडे बोट केलं. "तुझ्या बाबांच्या होडीचा पंखा कशावर बसतो?"

"दांड्यावर. इंजिनच्या."

"समज, दांडा नवीन आणला, जरा जाड. पंखा जुनाच राहिला. मग?"

"बसणारच नाही. पंख्याचं भोक लहान पडेल."

"दांडा खराब आहे का?"

"नाही."

"पंखा?"

"तोही नाही. पण होडी चालणार नाही."

"आता लॉग वाचू." लॉग म्हणजे संगणक आपण केलेल्या कामाची जी नोंद आपणच लिहीत जातो ती. तो शेकडो ओळींचा होता. वैजू थेट तळाशी गेली. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'खेकडा-चालक सुरू होऊ शकला नाही.'

"हे तर आपल्याला माहीतच आहे," ती वैतागून म्हणाली.

"म्हणून शेवटची चूक वाचायची नाही. वर वर जात राहा. पहिली चूक कुठे झाली ते शोध. पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच आलेल्या असतात."

वैजू ओळीवर बोट ठेवून वर जाऊ लागली. खूप ओळी सारख्याच होत्या. दोनदा तिची जागा चुकली आणि तिला पुन्हा खालून सुरुवात करावी लागली. शेवटी तिला ती ओळ सापडली.

'पॅकेज ९७: उलगडता आलं नाही. डिस्कवर जागा शिल्लक नाही.'

"जागाच संपली!" ती ओरडली. "शहाण्णव बसली आणि सत्त्याण्णवाव्याला जागा नाही!"

"बसलेल्या शहाण्णवांत तापमापकांचं काही आहे?"

होतं. 'तापवाचक' नावाची लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा तयार कामांचा संच) पंचावन्नाव्या क्रमांकावर होती. ती तिसऱ्या आवृत्तीवरून चौथीवर गेली होती. आणि खेकड्याला चालवणारा प्रोग्रॅम होता एकशे एकतिसावा. त्याची पाळी आलीच नव्हती. तो जुनाच राहिला होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'तापवाचक, आवृत्ती ३ लागेल.'

वैजू खुर्चीत मागे टेकली. "दांडा नवा आणि पंखा जुना. म्हणून त्याला वाळूचे आकडेच मिळत नाहीत. आणि आकडे मिळाल्याशिवाय तो पाणी घालत नाही."

"घालू नये, असंच मी त्याला शिकवलंय," आजोबा म्हणाले.

आता जागा करायला हवी होती. डिस्कमध्ये सगळ्यात मोठा ढीग होता तो खेकड्याने काढलेल्या फोटोंचा. पाच वर्षांत वाळूतून वर येणारं प्रत्येक पिल्लू त्याने टिपलं होतं. वैजूने तो ढीग निवडला. तिचं बोट 'पुसा'वर गेलं.

"हे फोटो परत मिळतील?" आजोबांनी विचारलं.

बोट थबकलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मग असं काही शोध, जे पुसलं तरी हवं तेव्हा परत आणता येईल."

तिला शोधायला थोडा वेळ लागला. एका कप्प्यात पॅकेजेसची उतरवून घेतलेली खोकी होती. आतल्या सामानाची नक्कल कधीच जागेवर बसली होती, पण पाच वर्षांची जुनी खोकी संगणकाने तशीच रचून ठेवली होती. कधी लागलीच तर ती इंटरनेटवरून पुन्हा घेता आली असती. वैजूने ती पुसली. डिस्कचा एक-चतुर्थांश भाग मोकळा झाला.

आजोबांनी पॅकेज व्यवस्थापकाला (खोकी आणणारा, उघडणारा आणि कोणाला काय लागतं याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) आज्ञा दिली: राहिलेलं काम पूर्ण कर. अक्षरं पुन्हा सरकू लागली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. वैजू या वेळी प्रत्येक ओळ वाचत होती.

मध्येच ती बाहेर जाऊन मोजून आली. ३३.६. बारा वाजून गेले होते.

एकशे एकतिसाव्याला सगळं थांबलं. पडद्यावर प्रश्न आला.

'खेकडा-चालकाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही बदल केलेले आहेत. नवी फाइलही आली आहे. नवी घ्यायची, जुनी ठेवायची, की दोन्हींतला फरक पाहायचा?'

वैजूला घाई होती. बाहेर वाळू तापत होती आणि 'नवी' हा शब्द पहिलाच होता. तिने हात मांडीखाली घालून पूर्ण प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग 'फरक' निवडला.

दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. बहुतेक ओळी सारख्या होत्या. वेगळ्या फक्त दोन. जुन्या फाइलीत लिहिलं होतं, 'पाणी सुरू: ३२ अंश.' नव्या फाइलीत तिथे ३६ होतं. शिवाय नवीत एक जास्तीची ओळ होती, तापमापक कोणत्या जातीचा आहे ते सांगणारी.

"छत्तीस!" वैजू म्हणाली. "छत्तीसपर्यंत वाट बघितली तर सगळी मरतील. असं कसं लिहिलं त्यांनी?"

"हा प्रोग्रॅम मुळात भाजीच्या रोपवाटिकांसाठी लिहिलेला आहे. मिरचीच्या रोपांना छत्तीस चालत असेल. लिहिणाऱ्याला आपली कासवं कुठे माहीत आहेत?"

"मग जुनी ठेवते. पण ही जास्तीची ओळ? ती नव्या आवृत्तीला लागत असेल ना?"

"तुला काय वाटतं?"

"जुनी ठेवायची आणि ही एक ओळ तिच्यात उतरवायची."

"कर."

तिने एकेक अक्षर तपासत ती ओळ टाइप केली. उरलेली बारा पॅकेजेस बसली. शेवटी पडद्यावर साधंसं वाक्य आलं: 'एकशे त्रेचाळीस अद्ययावत. अडलेलं काही नाही.' मग कुठे आजोबांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

बाहेर चाकं करकरली. खेकडा सतराव्या घरट्याकडे वळला, थांबला, आणि त्याच्या नळीतून बारीक फवारा सुरू झाला. वैजू दारातच खाली बसली. तिला एकाएकी रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. आजोबा झारीत उरलेल्या पाण्याने आपले पाय धूत राहिले.

दर्शना आली तेव्हा वाळू ३२.४ वर उतरली होती. तिने लॉग वरपासून खालपर्यंत वाचला आणि वैजूला म्हणाली, "पुढच्या रविवारी आणखी पॅकेजेस येतील. तूच कर. मी शेजारी बसते."

पुढच्या दोन आठवड्यांत बहुतेक घरट्यांतून पिल्लं बाहेर आली. कडेच्या दोन घरट्यांत ती नेहमीपेक्षा कमी निघाली. त्या दिवशीच्या उन्हामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही. वैजूने ते आकडे जसे होते तसेच केंद्राच्या वहीत लिहिले, आणि खाली अपग्रेडची तारीखही लिहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हती. छत्तीस हा आकडा जगात जिथे जिथे हा प्रोग्रॅम जात होता, तिथे तिथे पोचत होता. आजोबांनी सांगितलं की असे प्रोग्रॅम खुले असतात. ते कोणीही वाचू शकतं आणि चूक दिसली तर लिहिणाऱ्याला कळवू शकतं. वैजूने तीन दिवस खपून पत्र लिहिलं. काय केलं, काय झालं, पहिली चूक कोणत्या ओळीत सापडली, कासवांना किती अंश चालतात, सगळं. आजोबांनी तिच्या मदतीने त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. खेकडा-चालक लिहिणारी बाई चिली देशातल्या एका बंदरात राहत होती. तिचं नाव मारिसोल. तिने लिहिलं होतं:

'माझा प्रोग्रॅम कासवांपाशी पोचला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत सेटिंग निवडताना "रोपं" आणि "कासवं" असे दोन वेगळे पर्याय असतील. काम सुरू करण्याआधी डिस्कवर पुरेशी जागा आहे का, हे तपासायला पॅकेज व्यवस्थापकाच्या मंडळींनाही मी सांगितलं आहे. पण मी कासव कधी पाहिलेलं नाही. वाळूचं तापमान तुम्ही नेमकं किती खोलीवर मोजता? आणि वरचा थर व खालचा थर यांत किती फरक पडतो? हे तुमच्याशिवाय मला कोण सांगणार?'

वैजूने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं. दर्शनाला विचारलं, तर तिनेही ते कधी मोजलं नव्हतं.

तिने मोजपट्टी आणि दोन तापमापक घेतले, घरट्यांपासून लांब मोकळ्या वाळूत जागा निवडली आणि खणायला सुरुवात केली.