पांढरं राहिलेलं चाक

"रागावू नका," दारातला माणूस म्हणाला, "पण तुमच्या तळघरात बहुतेक काहीतरी मेलंय."

बाबांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. लोक माझ्याशी जपून बोलत, शब्द निवडून, आवाज उतरवून. त्यामुळे इतकं उघडंवाघडं वाक्य कानावर आलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला हसू आलं. आणि हसू आलं याचंच मग वाईट वाटलं.

तो आमच्या तळमजल्यावर नुकताच आलेला दातांचा डॉक्टर होता. भाड्याची बोलणी आईने केली होती, म्हणून मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. पांढरा कोट, वर सरकवलेल्या बाह्या, आणि तक्रार करायला आलेल्या माणसाला न शोभणारा संकोच. म्हणाला, मी लोकांना तोंड उघडायला सांगतो आणि ते आधी नाक धरतात.

"मेलेलं काही नाही," मी म्हटलं. "उलट जिवंत आहे. चला, दाखवते."

पायऱ्या उतरताना त्याने रुमाल नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खिशात ठेवला. त्याची मला आवडलेली ती पहिली गोष्ट. हे मी स्वतःशी कबूल केलं ते बरंच नंतर.

खाली फळ्यांवर ब्लू चीजची चाकं, म्हणजे चाकासारखे गोल गड्डे, ओळीने बसली होती. बाबांनी आयुष्यभर तेवढंच एक केलं. मागच्या शेडमध्ये दूध विरजून घट्ट करायचं, साच्यात भरायचं, मीठ चोळायचं, आणि मग या ओलसर गारव्यात आणून आठवडे न् आठवडे राखण करायची. मी दुसऱ्या गावी पुस्तकांच्या दुकानात काम करत होते. त्यांच्या आजारपणात परत आले, आणि हे सगळं हळूहळू माझ्या हातात आलं.

"यांना भोकं कसली?" एका चाकाकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

मी त्याला खुंटीवरचा दाभण दाखवला. गोणपाट शिवायला असतो तसा, पण लांब आणि चकचकीत. बुरशी आधीच दुधात घातलेली असते, मी सांगितलं, पण हवा लागल्याशिवाय ती जागी होत नाही. म्हणून चाक तयार झालं की त्याला दाभणाने आरपार टोचायचं. त्या भोकांच्या वाटेने आत निळ्या शिरा धरतात. नाही टोचलं तर ते आपलं पांढरंच राहतं.

"म्हणजे आमचाच धंदा," तो म्हणाला.

मग तो कोपऱ्यातल्या एका चाकापाशी थांबला. "याला नाहीत."

"ते बाबांचं शेवटचं. टोचायचं राहिलं."

मीठ चोळून त्यांनी ते फळीवर ठेवलं, आणि त्यानंतर त्या पायऱ्या ते पुन्हा उतरले नाहीत. चाकाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा अजून होता. बाकीची सगळी मी वेळच्या वेळी टोचली होती. याच्यापाशी आले की मात्र उचललेला दाभण न टोचताच खाली यायचा.

आता तो काहीतरी समजुतीचं बोलेल असं मला वाटलं. तो वाकला, चाकाचा वास घेतला आणि सरळ झाला.

"याच्यापुरती तक्रार मागे घेतो," तो म्हणाला.

*

त्यानंतर तो तक्रारी घेऊन येतच राहिला. तळघराचं दार घासतं. नळ ठिबकतो. जिन्यातला दिवा डोळ्यांवर येतो. नळ ठिबकत नव्हता, हे मी त्याच्यासमोर नळाखाली हात धरून दाखवलं, तर म्हणाला, सकाळी ठिबकत होता, तुम्हाला पाहून थांबला असेल. आई त्याला तक्रारवाला म्हणायला लागली. "बघ गं, तुझा तक्रारवाला आलाय," असं ती आतून म्हणायची, आणि त्यातला 'तुझा' ऐकलाच नाही असं मी दाखवायची.

मग आईची दाढ दुखायला लागली. ती एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी तिच्या खुर्चीपाशी उभी राहिले. त्याने इंजेक्शन तयार केलं, ते लपवलं नाही, आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन म्हणाला, "काकू, आता टोचणार आहे. थोडं दुखेल. मी सांगून टोचतो, म्हणजे तुम्ही तयार असता."

आईने माझा हात घट्ट धरला. वर आल्यावर गाल धरून बसली आणि म्हणाली, "खरं बोलला."

ती काय म्हणतेय ते मला कळलं. बाबांच्या आजारपणात प्रत्येक जण आम्हाला सांगत होता, काही होत नाही, काही दुखत नाही, येतील घरी. सगळी भली माणसं होती. त्यांच्या त्या बोलण्याने आम्ही शेवटपर्यंत तयार झालो नाही.

बाबांचा वाढदिवस जवळ येत होता. दर वर्षी त्या दिवशी त्यांचे मित्र जमत, आणि बाबा स्वतःच्या हाताने केलेलं एक चाक सगळ्यांसमोर कापत. यंदा कुणी विषय काढणार नाही अशी माझी कल्पना होती. आईनेच काढला. यंदाही सगळ्यांना बोलवू, म्हणाली, आणि त्यांचं ते शेवटचं चाक कापू.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे मी फक्त डॉक्टरला सांगितलं. मी शेडमध्ये साचे धूत होते, आणि तो कसलीही तक्रार न सांगता ते पुसत होता. माणसं निळं बघायला येणार, मी म्हटलं, आणि आतून पांढरं निघणार. आईला वाटतंय मी केव्हाच टोचलं असेल.

"अजून वेळ आहे ना? मी धरतो. तुम्ही टोचा."

"नाही जमणार."

"एकदा करून तर—"

"तुम्हाला दुखऱ्या जागी टोचायची सवय आहे," मी म्हटलं. "मला नाही."

त्याने हातातला साचा पालथा घालून ठेवला, फडकं घडी करून त्याच्यावर ठेवलं, आणि गेला. त्या दिवसापासून तक्रारी बंद झाल्या. दार घासत राहिलं. तळघरात काम करताना वरून त्याच्या यंत्राचा बारीक आवाज यायचा. तो थांबला की मी पायऱ्यांकडे बघायची. मग पुढचा पेशंट यायचा आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

*

वाढदिवसाला सगळ्यांत आधी तोच आला.

"काकूंनी बोलावलंय," दारातच म्हणाला. "म्हणजे... नसतं बोलावलं तरी..." वाक्य तिथेच सोडून त्याने बाह्या वर केल्या, स्वयंपाकघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि विचारलं, काय कापू.

चीजचा थाळा भरायचा नसतो, मांडायचा असतो, असं बाबा म्हणत. त्यांचा लांबट लाकडी थाळा मी टेबलावर ठेवला होता. नासपतीच्या पातळ चकत्या, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावलेल्या. अंजिरं चार बाजूंनी उलगडलेली. काळी द्राक्षं सुटी नाहीत, घोसानेच, म्हणजे माणसाला हात लांबवून तोडावंसं वाटतं. मधाची छोटी वाटी आणि तिचा वेगळा चमचा, शेजारी मूठभर अक्रोड. भाजलेल्या पावाचे तुकडे अगदी कडेला, रसापासून लांब. निळ्याला बिचकणाऱ्यांसाठी एक मऊ, साधं चीज, आणि त्याची सुरी निराळी. मध्ये मात्र मोकळी जागा. तिथे चाकाचा कापलेला तुकडा यायचा, निळी बाजू पाहुण्यांकडे करून. ते बाबा स्वतः ठेवत, आणि ठेवल्यावर एकदा मागे सरून बघत.

"अक्रोड जपून द्या," तो म्हणाला. "उद्या सगळे माझ्या खुर्चीत येतील."

"येऊ देत. धंदा वाढेल."

"मला तुमच्याकडून धंदा नकोय."

"मग काय हवंय?"

तो चकती कापता कापता थांबला. त्याच्या बोटांना नासपतीचा रस लागला होता. "ते आत्ता नाही सांगत," तो हळू म्हणाला. "आत्ता तुमच्यापुढे दुसरं आहे... काकूंना सांगितलंत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांसमोर कळलं तर त्यांना जास्त लागेल. आधी सांगा."

आई आतल्या खोलीत टेबलावरच्या चादरीला इस्त्री करत होती. मी दारातूनच म्हटलं, "आई, ते चाक आतून पांढरं आहे. मी टोचलंच नाही."

इस्त्री कडेपर्यंत गेली, परत आली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "मी उतरत नाही तळघरात, पण दारातून दिसतं की. मला डोळे आहेत."

"मग कापायचं कशाला?"

तिने इस्त्री उभी केली. "तुझ्या बाबांचं निळं चीज सगळ्यांनी खाल्लंय. पांढरं फक्त मी खाल्लंय."

मग तिने मला सांगितलं. बाबांनी केलेलं पहिलंवहिलं चाक. टोचायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मोठ्या ऐटीत त्यांनी पाहुणे बोलावले, त्यांत आई होती आणि तिचा भाऊ. थाळा मांडला, सुरी फिरवली, आणि आतून नुसतं पांढरं. बाबांचे कान लाल झाले. कुणी तुकडा उचलेना. तेव्हा आईने हात पुढे करून एक तुकडा खाल्ला, मग आणखी एक, आणि छान झालंय म्हणाली.

"छान होतं?"

"मिठाचा गोळा होता," आई म्हणाली. "ही चादर घे, जरा गरम आहे."

*

माणसं आली. सगळी आपापल्या जागी बसली, बाबांची खुर्ची सोडून. चाक मी मघाशीच वर आणून ठेवलं होतं, म्हणजे त्याचा गारठा जाईल. सुरी धरली तेव्हा ठसा कुठे आहे ते आधी पाहिलं, आणि तो न कापलेल्या अर्ध्यात राहील असा घाव घातला.

पांढरं. एकही रेघ नव्हती. मी तुकडा थाळ्याच्या मधोमध ठेवला. पाहुण्यांकडे कुठली बाजू करायची याचा प्रश्नच नव्हता. तरी मी एकदा मागे सरून पाहिलं.

बाबांचे शाळेपासूनचे मित्र मास्तरकाका पुढे झाले. त्यांनी एक फोड तोंडात घातली, बराच वेळ घोळवली आणि म्हणाले, "हे त्याचं वाटत नाही गं."

"त्यांचंच आहे," आई म्हणाली. "तुमची ओळख निळ्याशी. हे त्याच्या आधीचं."

मास्तरकाका थाळ्याकडे वळले. मग त्यांनी नासपतीची चकती घेतली, तिच्यावर पांढरा तुकडा, वर थोडा मध, आणि खाल्लं. पुन्हा एक केलं आणि शेजारच्याला दिलं. हळूहळू सगळ्यांचे हात पुढे आले. कुणीतरी बाबांच्या आवाजाची नक्कल केली, कुणी हसलं, कुणी चष्मा पुसला. डॉक्टर खिडकीपाशी उभा राहून पांढरा तुकडा खात होता. आमच्याकडचं चीज तो पहिल्यांदाच नाक न मुरडता खात होता.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, उरलेलं अर्धं टाकू नकोस. खाली ठेव.

*

काही दिवसांनी चाकं उलटायला खाली गेले, तेव्हा त्या अर्ध्याकडे लक्ष गेलं. मी कापताना सुरीच्या टोकाने आतवर एक चीर गेली होती. त्या चिरेत निळं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला शीर दिसते तेवढंच, बारीक.

मी आईला हाक मारली. ती कठडा धरून एकेक पायरी उतरली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. ती चिरेवर वाकली.

"त्या पहिल्या चाकातही अशीच शीर आली होती," ती म्हणाली. "तोच तुकडा बशीत घेऊन तुझे बाबा आमच्या दारात आले. मी विचारलं, हे दाखवायला आलात एवढ्या लांब? तर म्हणाले, नाही."

आई वर गेली. मी चिरेजवळचा एक तुकडा कापला, बशीत ठेवला आणि दवाखान्याचं दार ढकललं. बाहेरचा बाक रिकामा होता. तो हत्यारं पुसत होता.

"तक्रार?" त्याने विचारलं. चेहरा गंभीर होता.

"हो."

मी त्या मोठ्या खुर्चीत बसले. सवयीने त्याने दिवा लावला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा मालवला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"कुठे दुखतंय?"

"आता एक बोलणार आहे," मी म्हटलं. "टोचेल थोडं. मला."

"मी आहे इथे. बोला."

"तुम्ही यायचे थांबलात, आणि मला... खाली करमत नाही. बाबा नाहीत म्हणून करमत नाही, ते आहेच. हे निराळं आहे. तुम्ही नाही म्हणून आहे."

त्याने माझ्या हातातून बशी घेतली, निळ्यासकट तो तुकडा तोंडात घातला आणि चावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे?"

"भयंकर," तो म्हणाला. बशी त्याने खाली ठेवली नव्हती. दुसऱ्या हाताने त्याने माझा हात धरला. "मला तुमच्याकडून हेच हवं होतं. त्या दिवशी विचारलंत ना... मी रोज येईन. तक्रार नसली तरी."

आम्ही तळघरात गेलो. त्याने ते अर्धं चाक दोन्ही तळव्यांत उभं धरलं. त्याचा अंगठा बाबांच्या ठशाशेजारी आला, ठशावर नाही. मी खुंटीवरून दाभण काढला. वर जिन्यात आईच्या पावलांचा आवाज येत होता.

"टोचते हं," मी म्हटलं.

आणि दाभण आत गेला.