पिक्चरमधली थोरली सून

"जरा सरका ना… तुमचा खांदा कनातीले लागून राहिला, मले गुदगुल्या होऊन राहिल्या!"

कनातीच्या पलीकडून आवाज आला आणि मी दचकून बाजूला झाले. ब्याऐंशी साल. पवनीत धान निघालं की टुरिंग टॉकीज यायची. तंबूत मधोमध कापडी कनात – इकडे बायका, तिकडे माणसं.

"कनात तुमच्या बापाची आहे का?" मी हळूच सुनावलं.

"नाई. पण उद्या तुमच्या बापाच्या घरी चहा प्याले येऊन राहिलो. एकोडीचा भोजराज. मायचा खोकला तुमच्याच बाजूनं ऐकू आला, म्हणून ओळखलं. तोंड उद्या पाहीन… आवाज आजच ऐकून घेतो."

अगं बाई! मी जीभच चावली. मला पाहायला येणारे पाहुणे आदल्या संध्याकाळीच गावातल्या त्यांच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला आले होते, आणि गावात टॉकीज असली की पाहुण्यांना पिक्चर दाखवायचाच. माझ्या शेजारी त्याची आई शकुनबाई बसल्या होत्या. घरून निघतानाच निर्मलाकाकूंनी मला बजावलं होतं, "सत्यवती, तोंडाले कुलूप लाव. तुह्या जिभेपायी दोन सोयरिकी मोडल्या." आणि हा आवाज तर… मला पहिल्याच वाक्याला आवडून गेला होता.

मग पडद्यावर थोरली सून आली. घराएवढा तिचा चेहरा! ती खोटं बोलायची, दिराला थापड मारायची, चोरून लाडू खायची – आणि तरी सगळं घर तिच्याच जिवावर चालायचं. पडद्यावरच्या सुना म्हणजे एक तर देवी, नाही तर डाकीण. ही मात्र थेट आमच्या गल्लीतली होती. मी आ वासून बघतच राहिले.

"आवडली का?" पलीकडून कुजबुज.

"लय! नवरा मात्र नुसता खांब. मायसमोर तोंडच उघडत नाही."

"तोंड उघडणं सोपं नसते हो…"

"कोणाले? तुम्हाले का?"

"हो… मलेबी नाई जमत."

असं खरं बोलणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. हाही पाहिला नव्हताच म्हणा!

पडद्यावर सून भांडून घराबाहेर पडली. शिवणाचा क्लास काढून स्वतःच्या पायावर उभी राहिली. शेवटी नवरा आजारी पडला म्हणून परत आली, उंबऱ्यात सासूच्या पायांशी वाकली… आणि रीळ संपलं. तंबूत मशीन एकच. रीळ बदलेपर्यंत सगळा आवाज बंद व्हायचा. पण माझं भान कुठे होतं!

"तिनंच माफी कायले मांगाची? चुकले तर सगळेच ना!"

माझा आवाज अख्ख्या तंबूत घुमला.

दिवा लागला. शिट्ट्या, हशा. "कोणाची पोट्टी हाये बे?" काकूंनी मला कडकडून चिमटा काढला. शकुनबाईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गेली, तिसरी सोयरीक गेली! माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात कनातीवर एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, जरा मोठेच कान, घामेजलेलं कपाळ.

"बरोबर बोलली ते," भोजराज म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "नवऱ्यानं बोलाले पाह्यजे होतं. माय… तू रागावली तरी चालते. मले हे पोरगी पसंत हाये."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतकं घाबरलेलं आणि इतकं धीट माणूस!

शकुनबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मीबी निघाली होती एकदा घरातून. तू पोटात होता. बसस्टँडावरून परत आणली मले, सासूचे पाय धराले लावले. तुहा बाप बाजूलेच उभा होता… एक शब्द बोलला नाई."

"माय… तू कधी सांगितलं नाई."

"कोणी पुसलंच नाई, बाप्पा."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझी हनुवटी वर केली. "याचं झालं बोलून. आता तू सांग. तुले पसंत हाये का माहा पोरगा? भित्रा हाये थोडा."

आमच्याकडे मुलीला असं कोणी विचारत नसे. काकू तर बघतच राहिल्या.

"पसंत हाये," मी म्हटलं.

दिवा विझला, शेवटचं रीळ सुरू झालं. त्या थोरल्या सुनेचं पुढे काय झालं, कोण जाणे. मी कनातीवरच्या त्या डोक्याकडे पाहत होते. मागचे लोक "खाली बस ना बे!" म्हणून ओरडत होते… आणि तो बसायलाच तयार नव्हता.