चौथा फेर

सर्जरी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या ॲप्रनची काजं बघावीत. बहुतेकांच्या काजात काळ्या रेशमी दोऱ्याच्या गाठी लोंबत असतात. राउंडला मॅडमची वाट बघताना एक घालायची, लिफ्ट येईपर्यंत दुसरी. बोटं विचार करायचं सोडतील तोवर घालत राहायचं. माझी उजव्या हाताची गाठ पहिल्याच वर्षी बसली. डाव्या हाताची मात्र दुसरं वर्ष सरत आलं तरी सुटायची.

माझं पहिलं ऑपरेशन, एक साधा हर्निया, ठरलं होतं. त्याआधी डाव्या हाताच्या पन्नास गाठी दाखवायच्या, एकही सुटली तर ऑपरेशन माझ्या बरोबरीच्या उत्कर्षला, अशी युनिटच्या मॅडमची अट होती.

त्याच आठवड्यात गावी, ईटला, माझे वडील, अण्णा, गेले. तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि फोन लॉकरमध्ये. मॅडमनी ऑपरेशन तेराव्यानंतरच्या सोमवारवर ढकललं. अट तशीच ठेवली, याचं मला बरं वाटलं.

अण्णा मेंढरं राखायचे. कळपाभोवती लावायची जाळी, आमच्याकडे तिला वाघूर म्हणतात, ते स्वतः विणायचे. डावखुरे होते. दिवाळीत मी खुर्चीच्या हाताला गाठी घालत बसले होते, तेव्हा ते शेजारी येऊन बसले.

"गाठीला तीनच फेर, शिवे?"

"तीन पुरतात, अण्णा. पोटात उगाच जास्त दोरा ठेवायचा नसतो."

"मेंढरू जाळीला अंग घासतं. चौथा पायजेच. का तुमच्या पेशंटला खोकला येत न्हाय?"

त्यांनी दोरा हातात घेतला, चार फेर टाकले आणि उरलेला दातानं तोडला. मी कात्री पुढे केली तर म्हणाले, "मग दात कशाला दिलेत देवानं?"

आता मी घरी आले, तर त्यांची बाज ओसरीवर रिकामी होती. तेराव्यापर्यंत तिच्यावर कुणी बसायचं नाही, असं आईनं सांगितलं होतं. मी जमिनीवर बसले, पायगतीचा एक दोर धरला आणि डाव्या टोकापासून एकीला लागून एक गाठ घालत गेले. दोन दिवसांत वीस घातल्या. सुटलेल्या बारा काढून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आले, तर दोराच्या उजव्या टोकाला एक गाठ होती.

काळा रेशमी दोरा माझ्याच पाकिटातला वाटत होता. पाकीट माझ्या पिशवीत, पिशवी आतल्या खोलीत.

"आई, ही तू घातलीस?"

"माझी बोटं वळत्यात का आता? भाकरी थापताना जीव जातोय." आई जवळ आली, दोराकडे बघितलं आणि पदर सावरून आत गेली. त्या दिवशी तिनं ओसरी झाडली नाही.

दुसऱ्या दिवशी उजवीकडे दोन गाठी झाल्या. मग पाच. मी उजेडात नीट बघितलं. प्रत्येकीला चार फेर होते. टोकं कात्रीनं कापलेली नव्हती. त्यांचे तंतू पिंजलेले होते. आईचे पुढचे दात पडून चार वर्षं झालीत.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण मला सोमवार गाठायचा होता. मी चिमटा हातात घेतला आणि त्यातली एक गाठ सावकाश सोडवली, शरीर उघडावं तशी, थर बघत. तेव्हा माझी चूक कळली. दुसऱ्या फेराला हातांची दिशा उलटायची असते. उजव्या हातानं मी ती नकळत उलटत होते, डाव्यानं दोन वर्षं तोच फेर पुन्हा टाकत होते. एवढं साधं होतं, आणि कुणी बोट धरून दाखवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी माझ्या दहापैकी नऊ गाठी टिकल्या.

उत्कर्षचा फोन आला. "काय डॉक्टर, बसली का गाठ? नाहीतर हर्निया मी करतो, तू स्वेटर विण."

"तू माझ्या बाजूला रिट्रॅक्टर धरून उभा राहा," मी म्हणाले. तो हसला. मग म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

माझी ओळ उजवीकडे सरकत होती, ती दुसरी डावीकडे. ती वाढताना मी कधी पाहिली नाही. पाणी आणायला उठले की एखादी वाढलेली असायची. मी लपून बसले नाही. शिकवणाऱ्यावर पाळत ठेवत नाहीत.

तेरावा झाला. निघायच्या सकाळी माझ्या सलग पन्नास गाठी झाल्या होत्या. ओढून बघितल्या. एकही सुटली नाही.

दोन्ही ओळींमध्ये एका गाठीची जागा उरली होती.

दहाची एसटी होती. आई आत शिदोरी बांधत होती. मी दोरा घेतला आणि डाव्या हातानं शेवटची गाठ घातली. मुद्दाम तीनच फेर टाकले. मॅडमना तीनच लागतात.

दोरा कापायला कात्री नव्हती. ती पिशवीत गेली होती.

दोरा तसाच लोंबता ठेवून आत गेले. आईनं हाताला धरलं. "सोमवारी करणार नव्हं ऑपरेशन?"

"करणार."

"पोरगी ऑपरेशन करणार म्हणून ह्यांनी समद्या गावाला सांगून ठिवलंय."

कात्री घेऊन बाहेर आले. ओसरीवर ऊन होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

दोरा लोंबत नव्हता.

मी वाकून फेर मोजले. चार होते.

टोकाला बोट लावलं. ते ओलं होतं.