शब्द दिलेला माणूस

बाईंचा राग गावाला ठाऊक होता. शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि त्यांच्या शिट्टीवर रस्त्यातले सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र अंगात केशरी जाकीट चढवून त्या बचाव पथकाच्या गाडीवर यायच्या. पगार नाही, भत्ता नाही, हौस म्हणून. गल्लीच्या तोंडाशी कुणी मोटार आडवी लावलेली दिसली की बाई उतरून तिच्या टपावर थापा मारायच्या. "आत माणूस मरतोय आणि तुम्हाला गाडीला सावली हवीय?" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की पथकाची गाडी चालवणारे काका, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवायचे.

पथकाचा एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा. पेशंटला धीर द्या, हात धरा, हवं ते बोला, पण शब्द देऊ नका. 'सोडून जाणार नाही' तर मुळीच म्हणू नका, कारण दवाखान्यात पोचवलं की आपल्याला सोडून यावंच लागतं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी चष्म्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ कोसळले. अंगात जाड कोट, कोटाला डांबरगोळ्यांचा वास. बरोबर कुणी नव्हतं. गाडीत त्यांनी बाईंचं मनगट धरलं. तळवा गार आणि कोरडा होता, आणि अंगठा नाडीवर घट्ट दाबलेला.

"मला एकट्याला टाकून जाऊ नका हो."

"मी आहे ना, आजोबा," बाई म्हणाल्या. "मी कुठ्ठं जात नाही."

तोंडातून निघून गेलं. दुकानाच्या गल्लीत एका पांढऱ्या मोटारीनं गाडी अडवून ठेवली होती आणि बाईंचं डोकं आधीच फिरलेलं होतं.

दवाखान्यात खाट नव्हती. स्ट्रेचर पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवा, म्हणाले. वाट बघून बघून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांची बोटं एकेक करून सोडवून बाई खाटा देणाऱ्या टेबलापाशी भांडायला गेल्या. भांडल्या, चांगल्या भांडल्या. खाट मिळवूनच परतल्या, तेव्हा पॅसेजमध्ये आजोबा डोळे उघडे ठेवून गेलेले होते. मनगट धरावं तशी बोटं हवेत वळलेली.

एवढा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. मोटारवाल्याचा, टेबलामागच्या माणसाचा, आणि घरी आल्यावर आरशात दिसलेल्या बाईचा.

पुढच्या सुट्टीला शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याला नेलं. पाय मोडला होता, बाकी गडी ठणठणीत. बाई पुढं काकांशेजारी बसल्या होत्या, कारण मागं बसवेना. उतरताना रंगारी हसून म्हणाला, "मागच्या आजोबांना थँक्यू सांगा. सगळा रस्ता हात धरून होते."

इंजेक्शनची गुंगी असेल, असं बाई समजल्या. संध्याकाळी कळलं, रंगारी गेला.

"पाय मोडून कुणी मरतं का?" बाईंनी फोनवर डॉक्टरांना फैलावर घेतलं. डॉक्टरही बिचारे चक्रावलेले होते.

मग दम्याची एक शिंपीण. औषधाची वाफ घेऊन निम्म्या वाटेत बरी झाली होती, पण मधली काच ठोकून वैतागानं म्हणाली, "अहो, यांना हात सोडायला सांगा ना, घाम पुसायचाय मला." बाईंनी वळून पाहिलं. शिंपिणीचा उजवा हात बाकाच्या दिशेनं ताणलेला होता. बाक रिकामा होता आणि गाडीत डांबरगोळ्यांचा वास होता. तीही घरी आली नाही.

बाई काकांवर धावून गेल्या. "मागं कुणाला बसवता तुम्ही? खरं सांगा!"

काका गाडी धूत होते. त्यांनी पाइप बंद केला.

"मी कशाला बसवू? चढावर मागून जड लागते गाडी. ते आजोबा गेल्यापासून, पण मी काही बोललो नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "खाली उतरवलं आपण, पण ते उतरले नसावेत. तुम्ही त्यांना म्हणाला होतात ना, कुठं जात नाही म्हणून?"

"काहीतरीच बरळू नका!" बाई ओरडल्या. काकांनी मान खाली घालून पाइप पुन्हा सुरू केला.

त्याच आठवड्यात, सकाळी भाजी चिरता चिरता बाईंच्या आईच्या छातीत कळ आली.

गावात गाडी एकच. टॅक्सीवाल्यांनी फोन उचलले नाहीत. काकांची गाडी दारात आली तेव्हा बाई क्षणभर जिन्यातच उभ्या राहिल्या. आईचे ओठ निळे पडत चालले होते. इलाज नव्हता.

बाई मागं बसल्या. बाकावर ऐसपैस पसरून बसल्या, शेजारी ऑक्सिजनची पिशवी ठेवली, तीळभर जागा ठेवली नाही. आईचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

चढ लागला. इंजिन कण्हायला लागलं.

आई पुटपुटली, "कोण गं हे?"

"कोण? मी आहे."

"तू इकडं. तिकडचे कोण? हात केवढा गार."

आईचा डावा हात स्ट्रेचरच्या पलीकडं अधांतरी होता. बोटं कशाभोवती तरी वळलेली. मनगटाच्या आत, नाडीवर, अंगठ्याएवढा पांढरा ठसा दबलेला.

बाईंना भीती वाटलीच नाही. आला तो संतापच.

"सोडा तिला!" त्या गरजल्या. "तिनं तुमचं काय घोडं मारलंय? रंगाऱ्यानं काय मारलं होतं? शब्द मी दिला, मी मोडला. भांडायचं तर माझ्याशी भांडा!"

काहीच हललं नाही.

आईचे डोळे मिटायला लागले.

बाईंनी आईचा हात सोडला. आपला डावा हात तिच्या अंगावरून पलीकडं, रिकाम्या जागेत पुढं केला.

"घ्या," त्या दातओठ खात म्हणाल्या. "हा घ्या. पुन्हा नाही सोडवून घेणार."

आईचा हात धपकन चादरीवर पडला.

दवाखान्यात या खेपेला खाट तयार होती. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. तासाभरानं आईनं डोळे उघडले आणि गॅस बंद केलास का, असं खेकसून विचारलं. बाईंना रडू फुटलं. आईनं बाईंच्या डाव्या बाजूला एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "जा आता बाहेर," ती हळूच म्हणाली. "जा तुम्ही."

बाई बाहेर आल्या. पॅसेजमधल्या बाकावर वॉचमन डबा खात बसला होता. बाईंना पाहून तो सरकला, मग त्यानं मान जरा उंच करून त्यांच्या शेजारी पाहिलं आणि आपली पिशवीही उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना," तो म्हणाला. "आजोबांना भिंतीकडून बसू द्या. टेकायला बरं पडेल त्यांना."

बाई अलीकडच्या बाजूनं बसल्या.