चंद्रावरचा जड शिट्टीचा कुकर

पृथ्वीवरच्या पोरांनो, आधी एक कोडं ऐका. एक कुकर आहे. चंद्रावरच्या आमच्या वस्तीत तो वर्षानुवर्षं रोज डाळ शिजवत आला. आजवर त्यानं कुणाला साधा चटका दिलेला नाही. तोच कुकर, तेच झाकण, तीच शिट्टी पृथ्वीवर न्या, शेगडीवर ठेवा, आणि झाकण उडून छताला जाऊन आदळू शकतं! कुकर बदलला नाही, डाळ बदलली नाही. मग बदललं काय?

मला कुणी विचारलं असतं तर मी फाडकन म्हणाले असते, "पृथ्वीवरच्या बायकांना कुकर लावता येत नाही, दुसरं काय!" उत्तर येत नसलं तरी द्यायचंच, ही माझी जन्माची खोड. तिच्यामुळे साऱ्या वस्तीसमोर माझी मान कशी खाली गेली, ते सांगते. हसायचं तर हसा, पण मध्येच उठून जाऊ नका.

मी वेणू. वस्तीत सगळे मला आक्का म्हणतात. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पण वस्तीची खाणावळ माझ्या हातात आहे, आणि मोठमोठे शास्त्रज्ञ ताट घेऊन माझ्यासमोर गुपचूप रांगेत उभे राहतात. माझा मुलगा जयवंत, सून शर्वरी आणि नात इरावती म्हणजे इरू. जयवंताला नाशिकला नोकरी लागली आणि तिघांचं पृथ्वीवर जायचं ठरलं. तुम्हाला पृथ्वी म्हणजे घर. इथे चंद्रावर जन्मलेल्या इरूला मात्र तो परदेशच. मी जाणार नव्हते. इतकी वर्षं इथे हलक्यात राहून माझी हाडं ठिसूळ झाली आहेत, पृथ्वीचा भार त्यांना सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग घरात एकच विषय. कुठलं यंत्र न्यायचं, कुठलं ठेवायचं? सामान तपासायला आमच्याकडे एक यंत्रमानव आहे. सगळ्यांचं सामान जोखतो म्हणून त्याला सगळे मापाडी म्हणतात. तो घरी आला आणि एकेका वस्तूपुढे उभा राहून सांगू लागला.

"धुण्याचं यंत्र नेऊ नका. ते इथल्या जमिनीच्या हलक्या ओढीसाठी बनवलं आहे. मिक्सर नेऊ नका. तिथल्या विजेशी त्याचं जमणार नाही. तवा न्या. कुकरचं भांडं आणि झाकण न्या. शिट्टी मात्र इथेच ठेवा, तिथे ती धोक्याची आहे. पृथ्वीवर दुकानात साधी शिट्टी मिळते, ती लावा."

"अरे डबड्या," मी म्हणाले, "तू जन्मात कधी वरण खाल्लंयस? आणि मला कुकर शिकवतोस!"

"आक्का, मी कारण सांगू का?"

"नको! तुझं कारण तुझ्यापाशी ठेव."

माझ्यापाशी माझं कारण होतं ना! मी पृथ्वीवरून इथे आले तेव्हा कुकर घेऊनच आले होते. त्याची शिट्टी साधी, हलकी. इथे तो लावला की क्षणात फुरफुर सुरू. शिट्टी बसायचं नावच घेईना. तिकडे तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ इथे दाताखाली खड्यासारखी लागायची. मी डाळीला नावं ठेवली, पाण्याला ठेवली, डाळ पाठवणाऱ्यालाही ठेवली. शेवटी कार्यशाळेतून एक जाडजूड शिट्टी करून आली. ती लावली आणि डाळ लोण्यासारखी मऊ. का झाली, ते मी विचारलं नाही. सगळ्यांना सांगत सुटले, की हाताला चव असावी लागते.

म्हणजे हलकी शिट्टी वाईट, जड शिट्टी चांगली. हे माझं शास्त्र. आणि हा मापाडी माझ्या नातीला हलकी शिट्टी लावून कच्ची डाळ खायला सांगतो? मी काही तिच्यासोबत जाऊ शकत नव्हते. निदान माझा कुकर तरी धड जाऊ दे!

घरात कुणी नाहीसं पाहून मी ती जड शिट्टी गोड्या मसाल्याच्या डब्यात खुपसली आणि वरून मसाला दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी खोक्यांना मोहोर लावायला मापाडी आला. "आक्का, शिट्टी दाखवा. ती इथेच राहिली, एवढं पाहायचं आहे."

"हरवली," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण जीभ कसली थांबते! "या शर्वरीनं घासताना कुठे टाकली कोण जाणे. वस्तू जपायची सवयच नाही हिला."

शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं. "आई, मी काल कुकर घासलाच नाही."

"मग काय शिट्टीला पाय फुटले?"

ती वळली. मोरीची जाळी काढून, हात घालून शोधत बसली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले आणि डबा खोक्यात जाऊ दिला.

जायच्या दिवशी सकाळी इरूनं माझा हात ओढला. "आजी, चल ना. चक्रदालनात माझा शेवटचा सराव आहे. तू एकदाही आली नाहीस."

चक्रदालन (गरगर फिरणारी गोल खोली, ती फिरली की आतल्या माणसाला पृथ्वीवर असल्यासारखं जड वाटतं) मला कधीच आवडलं नाही. मी बाहेर काचेपाशी बसले. इरू आत गेली. तिनं एका स्प्रिंगच्या काट्याला तांदळाची पिशवी टांगली, माझ्याच खाणावळीतली. स्प्रिंग जेमतेम ताणली गेली. मग खोली फिरू लागली. जसा वेग वाढला तशी स्प्रिंग लांबत चालली आणि पिशवी खाली आली. इरूचे गालसुद्धा ओघळल्यासारखे दिसायला लागले. पिशवीत कुणी दाणा टाकला नव्हता.

"बघितलंस आजी?" तिचा आवाज भोंग्यातून आला. "तांदूळ तेवढाच. त्याला वस्तुमान म्हणतात (वस्तूत माल किती भरलाय त्याचं माप). ते कुठेही ने, बदलत नाही. वजन वेगळं (जमीन ती वस्तू किती जोरानं ओढते ते). चंद्राची ओढ दुबळी आहे, पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून इथे सगळं हलकं. आता मी पृथ्वीएवढ्या ओढीत आहे, तर हेच तांदूळ सहापट जड झाले!"

मला डब्यातली शिट्टी आठवली. मी सहज विचारल्यासारखं केलं, "मग कुकरच्या शिट्टीचं ग काय होतं?"

"शिट्टी म्हणजे तुला काय वाटतं?"

"काय वाटायचं? वाजते. मी मोजते."

इरू खळखळून हसली. "आजी, ती एक वजन आहे! झाकणाच्या भोकावर ठेवलेलं. ऐक. उघड्या पातेल्यात पाणी उकळलं की ते शंभर अंशांवर अडतं. खाली कितीही आच वाढव, पाण्याची वाफ होत राहते, पण पाणी त्याहून तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते. मग दाब वाढतो (वाफ चहूकडून ढकलते तो जोर). दाब वाढला की पाणी शंभराला उकळतच नाही, एकशेवीसच्या आसपास जाऊन उकळतं. एवढ्या तापलेल्या पाण्यात डाळ भराभर शिजते. आणि वाफेचा जोर शिट्टीच्या वजनाला भारी पडला की शिट्टी उचलली जाते, जास्तीची वाफ सुटते, मग शिट्टी परत बसते."

"म्हणजे वाफ किती कोंडायची, हे शिट्टीच्या वजनानं ठरतं?"

"हो!"

इतकी वर्षं न विचारलेलं उत्तर माझं मलाच दिसायला लागलं. "म्हणजे मी आणलेली शिट्टी इथे येऊन हलकी झाली होती. वाफ कोंडायच्या आधीच ती उठायची. पाणी शंभराच्या थोडंच पुढे जायचं, आणि डाळ तशीच टणक."

"वा आजी! म्हणूनच इथल्यासाठी सहापट मालाची शिट्टी केली. इथे ती नेमकी तेवढीच भरते, जेवढी साधी शिट्टी पृथ्वीवर भरते."

हात नव्हता तर माझा! लोखंडाचा तुकडा होता.

"आणि ती जड शिट्टी पृथ्वीवर नेली तर?"

"तिथे ती सहापट जड होईल. वाफेला सहापट जोर लावावा लागेल उठायला. शिट्टी होणारच नाही, आत दाब वाढत राहील. कुकर नाही सहन करणार तेवढं."

"झाकणात ती टिकली असते ना, फार तापलं की वितळून वाफ सोडणारी?"

"असते. पण तो अगदी शेवटचा उपाय. तिच्या भरवशावर कुकर लावतात का? आणि आपली तर किती जुनी आहे. जाऊ दे ना, आपण कुठे ती शिट्टी नेतोय? ती तर आईनं हरवली."

पोर किती सहज बोलून गेली.

मी उठले आणि सुटले. डबा गुपचूप काढून घ्यावा, कुणाला काही कळू नये, एवढंच डोक्यात. पण घरी खोकी नव्हती. ती केव्हाच निरोपदारी गेली होती. निरोपदार म्हणजे यानात जायची वाट, आणि निरोप द्यायला तिथे सगळी वस्ती जमलेली. शेजारच्या कुसुमताई डबीर सगळ्यांत पुढे. त्यांच्या भाकरीला मी कालच चामडं म्हटलं होतं.

मापाडी एकेक खोकं सरकत्या पट्ट्यावर ठेवत होता. मी मनाशी म्हटलं, बोलू नये. तिघं पोचली की फोन करून सांगावं, मसाल्यात शिट्टी आहे, लावू नका. कोण बघतंय? तेवढ्यात शर्वरी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, शिट्टी सापडली तर कळवा हां. माझ्यामुळे तुम्हाला रुखरुख नको."

आणि माझ्या डोळ्यांपुढे ते उभंच राहिलं. माझा फोन जायच्या आधी ही मसाला काढायला डबा उघडणार. शिट्टी हाताला लागली की हरखणार. आईंची शिट्टी मिळाली म्हणून, मापाडीचं बोलणं विसरून, लगेच कुकरला लावणार, आणि इरू शेजारी उभी असणार.

"थांबव रे!" मी ओरडले. "मापाडी, पट्टा थांबव!"

सगळे वळून बघायला लागले. मी तरातरा गेले, मोहोर फोडली, डबा काढला. घाईत डबा हातातून निसटला. चंद्रावर काहीही सावकाश पडतं. गोड्या मसाल्याचा तपकिरी ढग उठला आणि बसता बसेना. एकामागून एक सगळी वस्ती शिंकायला लागली. त्या ढगातून ती जाडजूड शिट्टी सगळ्यांच्या देखत संथपणे खाली आली आणि कुसुमताईंच्या पायाशी टेकली.

"आई!" जयवंताचा आवाज चढला. "शर्वरीनं हरवली होती ना ही?"

"तिनं नाही," मी म्हणाले. "मी लपवली होती. आणि आळ तिच्यावर घातला. मापाडी धोका म्हणाला, तरी मी कारण ऐकून घेतलं नाही. ही लावली असती तर..." मी इरूकडे पाहिलं.

कुणी काही टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला टोमणा देता येतो. पण कुसुमताईंनी शिट्टी उचलली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली. त्या पुसण्यानं मी जी मेले!

शर्वरी म्हणाली, "मी मोरीत हात घालून शोधत होते. तुम्ही बघत होतात."

"बघत होते."

"हे मी विसरणार नाही, आई."

"विसरू नकोस," मी म्हणाले.

इरू माझ्याकडे बघत नव्हती. बुटाच्या टोकानं सांडलेला मसाला गोळा करत होती. यानाचं दार लागायच्या आधी ती धावत आली, मला घट्ट मिठी मारली आणि परत पळाली.

नंतर शर्वरीचा फोन आला. "दुकानातली शिट्टी लावली. डाळ शिजली," एवढंच म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. मी म्हटलं, "बरं झालं." मागून इरू ओरडली, "आजी, तीनच शिट्ट्यांत!"

परवा दुपारी खाणावळीत रांग लागली होती. नुकतं लग्न झालेली अमला पुढे आली. ती आणि तिचा नवरा पुढच्या वर्षी मंगळावर राहायला जाणार आहेत.

"आक्का, आम्ही कुकर न्यावा का हो? आणि शिट्टी तुमच्यासारखी जड लावायची, की पृथ्वीवरची?"

रांग कान देऊन ऐकत होती. कुसुमताईही होत्या. जिभेच्या टोकावर उत्तर आलं होतं. चुकीचं की बरोबर, देव जाणे, पण ठसक्यात द्यायला तयार होतं. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

माझे कान तापले. कोपऱ्यात मापाडी तांदळाची पोती जोखत होता. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. "मापाडी," मी हाक मारली, "मंगळाची ओढ किती असते रे?"

"पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त, आक्का."

अमला विचार करत म्हणाली, "तिसरा हिस्सा... म्हणजे पृथ्वीवरच्या शिट्टीच्या तिप्पट माल घालायचा?"

"थोडी जास्त म्हणालाय ना तो," मी पळी खाली ठेवली. "ओढ थोडी जास्त, तर माल तिपटीहून थोडा कमी. माझी सहापट आहे. म्हणजे तुझी हिच्या निम्म्याहूनही कमी भरेल. माझी तुला चालायची नाही. बरोबर का रे?"

"बरोबर, आक्का," मापाडी म्हणाला.

रांगेत कुणीतरी हसलं. चांगलं हसलं की वाईट, मी वर मान करून पाहिलं नाही.

"जेवून थांब," मी अमलाला सांगितलं. "कार्यशाळेत जाऊन तशी शिट्टी करून घेऊ. चक्रदालन मंगळाएवढ्या ओढीला फिरवता येतं का, ते विचारू. तिथे डाळ शिजवून बघू, मगच न्यायचं ठरव. आणि मी कुठे चुकले तर तिथल्या तिथे बोल. मी ओरडेन. तरी बोल."